जॅक्सन हाइट्समधलं प्रीवॉर को-ऑप घर : बोर्डाची मंजुरी, पात्रता आणि कागदपत्रं

न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सच्या जॅक्सन हाइट्स भागात १९२० च्या दशकातल्या विटांच्या इमारती आहेत, मधोमध बाग असलेल्या. भारतीय दुकानांची ७४ वी स्ट्रीट इथलीच, त्यामुळे आपल्या लोकांना हा भाग चांगला ठाऊक असतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या अशा इमारतींना तिकडे ‘प्रीवॉर’ म्हणतात आणि त्यांतल्या बऱ्याच को-ऑप, म्हणजे सहकारी मालकीच्या, आहेत. नूतनीकरण केलेलं दोन बेडरूमचं घर पाहिलं, बँकेने कर्जाला होकारही दिला, तरी घर आपलं होत नाही. बोर्डाची, म्हणजे इमारतीच्या संचालक मंडळाची, मंजुरी लागते, आणि अनेक अर्ज अडतात ते तिथेच.

को-ऑपमध्ये घराचं खरेदीखत होत नाही. इमारत एका कंपनीच्या मालकीची असते. तुम्ही तिचे शेअर घेता आणि त्यांच्या जोरावर त्या घरात राहण्याचा करार, म्हणजे प्रोप्रायटरी लीज, मिळतो. शेअर सर्टिफिकेट म्हटलं की मुंबईची सोसायटी आठवते, पण साम्य तेवढंच. महाराष्ट्रात सोसायटीने सदस्यत्व नाकारलं तर रजिस्ट्रारकडे अपील करता येतं. न्यूयॉर्कचं को-ऑप बोर्ड नकार देताना सहसा कारण सांगत नाही. धर्म, वंश, राष्ट्रीयत्व किंवा इमिग्रेशन स्थिती यांवरून भेदभाव करायला मात्र शहराच्या कायद्याने बंदी आहे.

पात्रतेचा हिशेब आधी घरी करा

प्रत्येक इमारतीचे नियम वेगळे असतात. ऑफर देण्याआधी एजंटमार्फत चार गोष्टी विचारून घ्या: किमान डाउन पेमेंट (बहुधा २० ते २५ टक्के), उत्पन्नातला किती वाटा घरखर्च आणि इतर कर्जांवर जाऊ शकतो (बहुधा २५ ते ३० टक्के), व्यवहारानंतर हातात किती रोख उरायला हवी (बहुधा एक ते दोन वर्षांचे हप्ते आणि मेंटेनन्स), आणि आईवडिलांकडून भेट किंवा हमीदार चालतो का.

समजा किंमत ७,००,००० डॉलर आहे. २५ टक्के भरले, तर कर्ज ५,२५,०००. साडेसहा टक्क्यांनी ३० वर्षांचा हप्ता सुमारे ३,३१८ येतो. मेंटेनन्स १,४०० धरला तर महिन्याचे ४,७१८. इमारतीची मर्यादा २८ टक्के असेल, तर दुसरं कर्ज नसतानाही वर्षाचं उत्पन्न सुमारे २,०२,००० लागेल आणि दोन वर्षांच्या राखीव रकमेसाठी १,१३,००० च्या वर शिल्लक दाखवावी लागेल. निवृत्तीच्या खात्यातले पैसे बरीच बोर्डं या शिलकीत धरत नाहीत. हिशेब चुकतो तो नेमका इथे.

आणखी एक आकडा: किंमत १० लाख डॉलर किंवा जास्त असेल, तर खरेदीदाराला पूर्ण किमतीवर किमान १ टक्का ‘मॅन्शन टॅक्स’ लागतो. ९,९९,००० वर काहीच नाही, १०,००,००० वर १०,००० डॉलर.

नूतनीकरणाचे कागद

करारावर सही करण्याआधी वकिलाकडून हे तपासून घ्या, कारण घर ताब्यात आल्यावर आधीच्या मालकाची चूक तुमच्या गळ्यात पडते. भिंत हलवली किंवा बाथरूमची जागा बदलली असेल, तर को-ऑपबरोबरचा अल्टरेशन (घरात बदल करण्याचा) करार, शहराच्या इमारत विभागाचा परवाना आणि काम पूर्ण झाल्याची नोंद, तिन्ही हवेत. परवाना काढून शेवटची तपासणीच न करून घेणं ही नेहमीची गोष्ट आहे. तो ‘उघडा’ परवाना पुढे तुमचं काम अडवतो. जुन्या इमारतीत अशा परवान्यासाठी ॲस्बेस्टॉस तपासणीचा एसीपी-५ फॉर्मही लागतो.

जॅक्सन हाइट्सचा मोठा भाग १९९३ पासून ऐतिहासिक जिल्हा आहे. त्या हद्दीत खिडक्या बदलायला किंवा भिंतीत एसीसाठी भोक पाडायला ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या लँडमार्क आयोगाची परवानगी लागते. चकचकीत नव्या खिडक्या दिसल्या, की आधी तो कागद मागा. वॉशिंग मशीन दिसलं तर लेखी परवानगी मागा: जुन्या नळांवर ताण येतो म्हणून अनेक इमारतींत ते चालत नाही. स्वयंपाकघर किंवा बाथरूम खालच्याच्या बेडरूमवर सरकवलेलं असेल, तर ते घर सोडलेलं बरं.

वकिलाने इमारतीचे दोन वर्षांचे हिशेब आणि बोर्डाच्या सभांची इतिवृत्तंही वाचायला हवीत. सहा मजल्यांपेक्षा उंच इमारतींना दर पाच वर्षांनी दर्शनी भिंतींची तपासणी सक्तीची आहे, आणि त्या दुरुस्तीचा खर्च जादा वर्गणी म्हणून सभासदांवर येतो.

पॅकेज

करार झाला की १० टक्के रक्कम विकणाऱ्याच्या वकिलाच्या एस्क्रो खात्यात जाते, म्हणजे व्यवहार होईपर्यंत तिथे राखून ठेवली जाते. ‘कर्ज नामंजूर झालं तर’ आणि ‘बोर्डाने नाकारलं तर’ ती परत मिळेल, अशी दोन्ही कलमं करारात आहेत ना, हे बघा. मग पॅकेज, म्हणजे बोर्डाला द्यायचा कागदांचा संच: अर्ज, कराराची प्रत, संपत्ती आणि देण्यांचा तक्ता, दोन वर्षांची टॅक्स रिटर्न, दोन-तीन महिन्यांची सगळ्या खात्यांची स्टेटमेंट, पगार आणि पद सांगणारं नोकरीचं पत्र, सध्याच्या घरमालकाचं पत्र, ओळखीच्यांची आणि व्यावसायिक शिफारसपत्रं, बँकेचं कर्जमंजुरीपत्र आणि रेकग्निशन ॲग्रीमेंट (को-ऑप बँकेचा शेअरवरचा हक्क मान्य करते तो करार). शिशाच्या रंगाबाबतची आणि खिडक्यांच्या जाळ्यांची सूचनापत्रंही सही करून जोडावी लागतात. सोशल सिक्युरिटी आणि खाते क्रमांक झाका.

तक्त्यातल्या प्रत्येक आकड्यामागे कागद हवा. तक्त्यात ६२,४०० आणि स्टेटमेंटवर ५८,९००, एवढ्यानेही पॅकेज परत येतं. खात्यात अचानक मोठी रक्कम आली असेल तर तिचा खुलासा जोडा.

भारतातून आईवडिलांनी भेट दिली असेल, तर परतफेड अपेक्षित नसल्याचं सही केलेलं पत्र द्या आणि पैसे महिनाभर तरी आधी अमेरिकेतल्या खात्यात आणा. भारतातून एक व्यक्ती आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरच पाठवू शकते. १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक टीसीएस (आगाऊ कर) कापते. अशी भेट वर्षात १,००,००० डॉलरवर गेली, तर घेणाऱ्याने आयआरएसला (अमेरिकेच्या कर खात्याला) फॉर्म ३५२० भरायचा असतो. अमेरिकेत त्या भेटीवर कर लागत नाही, पण फॉर्म न भरल्याचा दंड मोठा आहे.

बोर्डाला पॅकेज पटलं तर मुलाखत होते. विचारलं तेवढंच सांगा, भाव किंवा पुढची तोडफोड यांवर बोलू नका. मंजुरीनंतर क्लोजिंगच्या (व्यवहार पूर्ण होण्याच्या) आदल्या दिवशी घर पुन्हा पाहा: सगळे नळ उघडा, रेडिएटरच्या व्हॉल्व्हखाली गंज आहे का बघा. क्लोजिंगला शेअर सर्टिफिकेट आणि लीज तुमच्या नावाचं होतं. कर्ज असेल तर दोन्हींच्या मूळ प्रती बँक ठेवून घेते, म्हणून छायाप्रती तिथेच मागून घ्या.