हिल्बर्ट रूपांतर

हरात्मक विश्लेषणातील (फलनांचे तरंगांत विघटन करून अभ्यास करणाऱ्या शाखेतील) मूलभूत रैखिक कारक, म्हणजे एका फलनापासून दुसरे फलन देणारी क्रिया. वास्तव रेषेवरील फलन फ दिले असता फ(य)/(क्ष − य) याचे य-सापेक्ष समाकलन करून त्याला पायने भागले की फ चे रूपांतर हफ याची क्ष येथील किंमत मिळते. य = क्ष येथे छेद शून्य होत असल्याने त्या बिंदूभोवतीचा सममित तुकडा वगळून तो लहान करत नेतात. सममिती सांभाळावीच लागते: एका बाजूला इ इतके छोटे अंतर आणि दुसऱ्या बाजूला २इ वगळले, तर उत्तरात फ(क्ष)·लॉग २ ÷ पाय इतका फरक पडतो.

उगमाविषयी एकमत नाही. डेव्हिड हिल्बर्ट यांच्या १९०५ च्या सुमाराच्या सीमामूल्य प्रश्नावरील कामात हे रूपांतर येते. श्रेढींसाठीची संबंधित असमानता त्यांनी गॉटिंगेनच्या व्याख्यानांत मांडली. ती हेरमान वाइल यांच्या १९०८ च्या प्रबंधातून पुढे आली. तिच्यातील पाय हा सर्वोत्तम स्थिरांक इसाई शूर यांनी १९११ मध्ये दिला. तथापि फलन-अवकाशांवरील परिबद्ध कारक (फलनाचे आकारमान ठरावीक पटीपेक्षा अधिक न वाढवणारा) म्हणून विचार करता मार्सेल रीस यांच्यापासून (घोषणा १९२४, सविस्तर लेख १९२८) आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

|फ| च्या प-व्या घाताचे समाकलन मर्यादित असलेल्या फलनांचा अवकाश म्हणजे एल-प; त्या समाकलनाचे प-वे मूळ हा फ चा नॉर्म, आणि कारक हा नॉर्म जास्तीत जास्त जितक्या पटीने वाढवतो तो कारकाचा नॉर्म. एल-२ अवकाशात प्रश्न फूरिये रूपांतराने तत्काळ सुटतो; नॉर्म १. रीस यांची युक्ती प = ४ साठी पाहावी. फ वास्तव, गुळगुळीत आणि मर्यादित अंतराळाबाहेर शून्य असेल, तर फ + आय·हफ (आय म्हणजे −१ चे वर्गमूळ) हे वरच्या अर्धप्रतलातील वैश्लेषिक फलनाचे सीमामूल्य असते आणि त्याच्या चौथ्या घाताचे समाकलन शून्य येते. वास्तव भाग घेतला की फ⁴ − ६फ²(हफ)² + (हफ)⁴ याचे समाकलन शून्य. फ⁴ व (हफ)⁴ यांच्या समाकलनांची वर्गमुळे अनुक्रमे अ व ब मानून मधल्या पदाला कोशी–श्वार्त्झ असमानता लावल्यास ब² − ६अब + अ² ≤ ०. येथे अ² घाईने टाकून दिले तर नॉर्म √६ (सुमारे २.४४९) पेक्षा मोठा नाही, एवढेच हाती लागते. ते पद ठेवले तर १ + √२ (सुमारे २.४१४) मिळते, आणि हीच अचूक किंमत आहे! प ≥ २ साठी कोटॅन(पाय/२प) आणि १ < प ≤ २ साठी टॅन(पाय/२प) हे सर्वोत्तम स्थिरांक पिकोरिडीस यांनी १९७२ मध्ये सिद्ध केले. इतर सम घातांना हीच रीत चालते. मधल्या घातांसाठी अंतर्वेशन (दोन घातांच्या अनुमानांवरून मधल्यांचे अनुमान काढणे), २ पेक्षा लहान घातांसाठी द्वैत (त्यांची २ पेक्षा मोठ्या घातांशी जोडी लावणे).

टोकांना, म्हणजे प = १ आणि प = अनंत (एल-अनंत म्हणजे परिबद्ध फलनांचा अवकाश) येथे, परिबद्धता ढासळते. ० ते १ वर १ आणि अन्यत्र ० असे फलन घेतल्यास हफ = लॉग|क्ष/(क्ष − १)| ÷ पाय. दूरवर ते १/क्ष सारखे घटते, म्हणून एल-१ मध्ये नाही. ० व १ जवळ अमर्याद वाढते, म्हणून एल-अनंत मध्येही नाही. एल-१ वर कोल्मोगोरोव्ह यांचे दुर्बल अनुमान (१९२५) उरते: |हफ| > त असलेल्या संचाचे माप, फ च्या नॉर्मला त ने भागून येणाऱ्या संख्येच्या स्थिर पटीपेक्षा मोठे नसते. वरच्या टोकाला जॉन व निरेनबर्ग यांचा मर्यादित मध्य-दोलनाचा अवकाश (१९६१; प्रत्येक अंतराळात सरासरीपासूनचे सरासरी विचलन मर्यादित असलेली फलने) एल-अनंतची जागा घेतो. उच्च मितींतील सिद्धांत काल्देरॉन व झिग्मुंड यांचा (१९५२).