३१ टक्के की ६४ टक्के? कॅथलिकांची श्रद्धा मोजताना काय होतं

२०१९ साली अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या सर्वेक्षण संस्थेने एक आकडा जाहीर केला आणि तिथल्या बिशपांची झोप उडाली. मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या सामुदायिक उपासनेत, भाकर आणि द्राक्षरस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, असं मानणारे अमेरिकी कॅथलिक फक्त ३१ टक्के निघाले. ६९ टक्क्यांच्या मते ती केवळ प्रतीकं होती. ही शिकवण कॅथलिक उपासनेचा गाभाच आहे, त्यामुळे खळबळ होणारच. अमेरिकेतल्या बिशपांनी २०२२ पासून युखरिस्त म्हणजे याच भाकर-द्राक्षरसाच्या संस्काराविषयी जी देशव्यापी मोहीम चालवली, तिच्या चर्चेत हा आकडा पुन्हापुन्हा येत राहिला.

गंमत पुढे आहे. जॉर्जटाउन विद्यापीठातली ‘कारा’ ही संस्था १९६४ पासून कॅथलिक समाजाचं सर्वेक्षण करते. २०२२ मध्ये तिने १,०३१ प्रौढ कॅथलिकांना याच विषयावर विचारलं, तर मानणारे निघाले ६४ टक्के. तीन वर्षांत श्रद्धा दुप्पट झाली असं कुणी समजू नये. बदलला होता तो प्रश्न.

प्यूने दोनच पर्याय ठेवले होते: एक, भाकर आणि द्राक्षरस ‘प्रत्यक्षात’ शरीर आणि रक्त बनतात, दोन, ती शरीराची आणि रक्ताची प्रतीकं आहेत. यातलं एक निवडा. आता चर्चच्या स्वतःच्या भाषेतसुद्धा संस्कार हे चिन्ह असतंच. चिन्ह आणि प्रत्यक्ष उपस्थिती या दोन्ही गोष्टी एकत्र मानणाऱ्याने करायचं काय? शिवाय ‘प्रत्यक्षात बनतात’ हे ऐकून काहींच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळेतली तपासणी उभी राहते आणि ते मागे सरतात. काराने २००८ सालीच ‘ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो’ अशा शब्दांत पर्याय दिला होता, तेव्हा ५७ टक्क्यांनी तो निवडला. २०२२ मध्ये तर लोकांना आधी स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगितलं आणि ती उत्तरं ठरावीक पर्यायांच्या प्रश्नांशी ताडून पाहिली.

मग खरा आकडा कोणता? मला हा प्रश्नच फसवा वाटतो. टक्केवारीची पातळी शब्दांवर हलते. गटागटांतला फरक मात्र सहसा टिकतो. प्यूच्या पाहणीत दर आठवड्याला मिस्सेला जाणाऱ्यांपैकी ६३ टक्के प्रत्यक्ष उपस्थिती मानत होते, काराच्या पाहणीत ९५ टक्के. आकडे वेगळे, पण नियमित जाणारे आणि इतर यांच्यातली दरी दोन्हीकडे ठळक आहे. सर्वेक्षणातून काही उचलायचं असेल तर ते हे.

प्यूच्या पाहणीतली सर्वांत मोलाची गोष्ट बातम्यांत जवळपास हरवली. त्यांनी श्रद्धेचा आणि ज्ञानाचा प्रश्न वेगवेगळा विचारला होता: तुम्ही काय मानता, आणि चर्च काय शिकवतं असं तुम्हाला वाटतं? शिकवण माहीत असूनही ती नाकारणारे २२ टक्केच होते. ४३ टक्क्यांना ते प्रतीक वाटत होतं आणि चर्चही तेच शिकवतं अशी त्यांची समजूत होती. पहिल्या गटाची अडचण असहमतीची, दुसऱ्याची धर्मशिक्षणाची. एकच प्रश्न विचारला असता तर दोघे एकाच खान्यात पडले असते.

श्रद्धेपेक्षा आचरण मोजणं सोपं असेल, असं वाटतं. तसं नाही. १९९३ मध्ये हॅडवे, मार्लर आणि चेव्ह्ज या तीन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या १८ धर्मप्रांतांमधली (बिशपच्या अधिकारक्षेत्रांमधली) प्रत्यक्ष डोकी मोजून झालेली उपस्थिती आणि जनमत चाचण्यांतली उत्तरं समोरासमोर ठेवली. गेल्या आठवड्यात चर्चला गेलो असं सांगणारे कॅथलिक ५१ टक्के होते. मोजणीत सापडले २८ टक्के. सगळे खोटं बोलतात असं मात्र नाही. ‘गेल्या सात दिवसांत गेलात का?’ या प्रश्नाचं उत्तर माणूस कॅलेंडर पाहून देत नाही. ‘मी चर्चला जाणारा माणूस आहे’ या ओळखीवरून देतो. एखादा रविवार हुकला तरी ती ओळख कायमच असते.

समोर विचारणारा माणूस असला की हे आणखी वाढतं. २०१४ साली अमेरिकेतल्या पीआरआरआय या संस्थेने तेच प्रश्न फोनवर आणि ऑनलाइन असे दोन्ही प्रकारे विचारले. चर्चला क्वचित जातो किंवा जातच नाही असं म्हणणारे कॅथलिक फोनवर १५ टक्के होते, ऑनलाइन ३३ टक्के. म्हणून दोन वेगळ्या वर्षांचे आकडे शेजारी मांडण्याआधी दोन्ही पाहण्या एकाच पद्धतीने झाल्या का, हे बघावं लागतं. नाहीतर फोन सोडून संगणक घेतल्याचा परिणाम ‘श्रद्धेची घसरण’ म्हणून छापला जातो.

न विचारता मोजण्याची परंपरा जुनी आहे. फ्रान्समध्ये समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल ल ब्राने १९३१ साली धार्मिक आचरणाच्या मोजणीचा आग्रह धरला, आणि १९४७ मध्ये फादर फेर्नां बुलार यांनी ग्रामीण फ्रान्सचा धार्मिक नकाशा काढला. त्यात ज्या भागात निदान २० टक्के मुलांना बाप्तिस्मा किंवा धर्मशिक्षण मिळालेलं नव्हतं, त्याला सरळ ‘मिशनची भूमी’, म्हणजे नव्याने धर्मप्रसार करावा लागेल असा भाग, म्हटलं होतं. अमेरिकेतले अनेक धर्मप्रांत आजही ऑक्टोबरमधल्या रविवारांना मोजणी करतात, कारण तेव्हा नाताळ-ईस्टरची गर्दी नसते आणि सुट्टीतला शुकशुकाटही नसतो.

मोजणीतही चुका होतात. रविवारसाठी धरली जाणारी शनिवार संध्याकाळची मिस्सा विसरली जाते. गायनवृंद आणि वेदीसेवक सुटतात. कडेवरची बाळं एका चर्चमध्ये मोजली जातात, दुसरीकडे नाही. प्रवचन चालू असताना मोजावं: उशिरा येणारे आलेले असतात, लवकर निघणारे अजून बसलेले असतात. कम्युनियनच्या (मिस्सेत ती भाकर घेण्याच्या) रांगेवरून मोजलं तर जे ते घेत नाहीत ते सगळे गळतात. आणि टक्केवारी काढायला भागायचं कशाने? बाप्तिस्म्याची नोंद, धर्मग्रामाची (एका चर्चच्या हद्दीची) कुटुंबयादी आणि ‘तुमचा धर्म कोणता’ याला दिलेलं उत्तर या तीन वेगळ्या लोकसंख्या आहेत. नोकरीसाठी दुबईला गेलेला मुलगा कुटुंबयादीत असतो, बाकावर नसतो.

आपल्याकडे काय माहिती आहे? २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात सुमारे २५ टक्के आणि महाराष्ट्रात १ टक्क्याहून किंचित कमी लोक ख्रिस्ती आहेत. पण जनगणना श्रद्धेविषयी काही सांगत नाही. प्यूने २०१९-२० मध्ये भारतात १७ भाषांत २९,९९९ प्रौढांच्या समोरासमोर मुलाखती घेतल्या. त्यात ३२ टक्के ख्रिस्ती लोकांनी गंगेच्या पावन करणाऱ्या शक्तीवर विश्वास असल्याचं सांगितलं. आकडा लक्ष वेधतो, पण त्या पाहणीत देशभरातले मिळून ख्रिस्ती होते १,०११, आणि त्यातले कॅथलिक निम्म्याहून कमी. हजार माणसांच्या यादृच्छिक नमुन्यात चूक साधारण ३ टक्के अंक इकडे-तिकडे असते, शंभरात ती १० पर्यंत जाते. वसईच्या कॅथलिकांविषयी त्यातून काहीही म्हणता येणार नाही.

वसईसारख्या धर्मप्रांताला स्वतःविषयी जाणून घ्यायचं असेल तर स्वतःच पाहणी करावी लागेल. पहिला मोह होतो रविवारी बाकांवर प्रश्नपत्रिका वाटण्याचा. त्यात काय बिघडतं ते पाहा. समजा १०० जण दर आठवड्याला येतात आणि १०० जण महिन्यातून एकदा. एखाद्या रविवारी हाती लागतील पहिल्यातले १०० आणि दुसऱ्यातले सुमारे २५. म्हणजे निम्मे नियमित असलेला समाज कागदावर ८० टक्के नियमित दिसतो. उपाय आहे: ‘तुम्ही किती वेळा येता’ हे विचारायचं आणि महिन्यातून एकदा येणाऱ्याच्या उत्तराला चौपट वजन द्यायचं. अजिबात न येणाऱ्यांना मात्र कितीही वजन दिलं तरी ते कागदावर येत नाहीत. त्यांच्यासाठी कुटुंबयादीतून, समजा, दर दहावं घर निवडावं, आणि दार बंद असेल तर शेजारच्या घरी न जाता त्याच घरी निदान तीनदा परत जावं. घरात जो भेटेल त्याला विचारू नये. दुपारी भेटतात त्या बहुधा बायका आणि वृद्ध. ज्याचा वाढदिवस सर्वांत अलीकडे झाला त्या प्रौढाला विचारायचं, असा नियम आधीच ठरवावा.

‘मिस्सा आणि कुमसार (धर्मगुरूंपुढची पापकबुली) नियमित करता का?’ असा प्रश्न टाळावा. त्यात दोन प्रश्न आहेत, आणि ‘नियमित’ म्हणजे कुणाला दर रविवार, कुणाला दर ईस्टर. ‘गेल्या चार रविवारांपैकी किती रविवारी मिस्सेला गेलात?’ हे विचारलं की उत्तर मोजता येतं. कागद धर्मगुरूंच्या किंवा धर्मभगिनींच्या हातात परत द्यायला लावू नये. नाव नसलेलं पाकीट बंद करून पेटीत टाकू द्यावं. छापण्याआधी दहा-पंधरा जणांकडून भरून घ्यावं आणि प्रत्येक प्रश्नानंतर त्यांना विचारावं, तुम्हाला यातून काय समजलं? निकाल जाहीर करताना टक्केवारीखाली प्रश्न शब्दशः छापावा, किती जणांना विचारलं आणि किती जणांनी उत्तर दिलं तेही.