सोनेरी अक्षरं आणि दागिन्यांची नक्षी: ऑर्डर देण्याआधी वाचावं असं काही

लग्नपत्रिका असो, हळदीकुंकवाचं बोलावणं असो, की ठाण्यातल्या पाडव्याच्या स्वागतयात्रेचा फ्लेक्स, नौपाड्यातल्या आमच्या डिझाइनच्या दुकानात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘जरा सोन्यासारखं दिसू द्या.’ ते कसं बनतं आणि कुठे फसतं हे आधी माहीत असलं, तर प्रूफच्या, म्हणजे छपाईआधी दाखवायच्या नमुन्याच्या, फेऱ्या वाचतात.

नुसता पिवळा भरला की अक्षर हळदीचं दिसतं. सोनं चकाकतं ते गडद तपकिरी आणि जवळजवळ पांढरा एकमेकांना खेटून आल्यामुळे. फोटोशॉपमध्ये आम्ही मधला रंग लाल २१२, हिरवा १७५, निळा ५५ असा धरतो. ग्रेडियंटच्या, म्हणजे हळूहळू बदलत जाणाऱ्या रंगछटेच्या, एका टोकाला काळपट तपकिरी, दुसऱ्याला लोण्यासारखा फिकट. त्यावर ‘बेव्हल अँड एम्बॉस’, म्हणजे कडांना उठाव देणारा इफेक्ट: कोरीव अक्षराला ‘चिझल हार्ड’ (धारदार कड), मण्याला ‘स्मूद’ (गोलसर कड). ग्लॉस कंटूर (झळाळी कशी पडते ते ठरवणारं सेटिंग) ‘रिंग’ ठेवला की धातूची ती दुहेरी झळाळी येते. तो विसरला तर अक्षर प्लास्टिकचं वाटतं. सावली काळी नको, गडद तपकिरी हवी.

उजेडाचा कोन सगळ्या लेयरना (चित्राच्या एकावर एक थरांना) एकच, बहुधा १२० अंश, म्हणजे डावीकडून वरून. तुमच्या फोटोत उजेड उजवीकडून असेल तर आम्ही त्यावर काढलेल्या दागिन्यांच्या उजेडाचा कोन बदलतो, कारण चेहरा आरशासारखा उलटा करून चालत नाही.

खरं कसब मण्यांच्या माळेत लागतं. पेन टूलने वळण काढून त्यावर कडक कडेचा गोल ब्रश फिरवतात. ब्रशचं स्पेसिंग, म्हणजे दोन ठशांमधलं अंतर, मूळचं २५ टक्के असतं, त्यात मणी एकमेकांत घुसून दोरीच तयार होते. १०५ ते ११० टक्के ठेवलं की मणी सुटे दिसतात. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ३ मिलिमीटरचा मणी साधारण ३६ पिक्सेलचा होतो. बेव्हलचा आकार त्याच्या निम्मा, १८, ठेवला तरच तो गोल फुगतो. ठुशीत मणी दाटीने बसतात, म्हणून तिथे एकाआड एक मणी दोन वेगळ्या लेयरवर घ्यावे लागतात. ते एकाच लेयरवर चिकटले तर बेव्हल सगळ्यांना मिळून एकच कड धरतो. नथीतले मोती पांढरेशुभ्र नको, किंचित साईच्या रंगाचे आणि मऊ झळाळीचे हवेत. लाल-हिरवे खडे त्यांच्यावरच्या लेयरवर.

मराठी अक्षरांची एक खास अडचण आहे. दोन अक्षरांच्या शिरोरेषा जिथे भेटतात तिथे केसाएवढी फट राहू शकते, आणि बेव्हल ती फट कोरून दाखवतो. म्हणून मजकूर शेपमध्ये बदलून सगळे भाग एकत्र जोडावे लागतात. त्यानंतर स्पेलिंग बदलता येत नाही. नावं आधी नीट तपासून द्या, ‘दिप्ती’ की ‘दीप्ती’ हेसुद्धा.

माप सुरुवातीलाच सांगा. बेव्हल पिक्सेलमध्ये मोजला जातो, त्यामुळे पत्रिकेवरचं अक्षर ओढून चार फुटी फ्लेक्सवर नेलं की नक्षी सपाट पडते.

छपाईबद्दल स्पष्ट सांगायला हवं. चार रंगांच्या छपाईत सोन्याची शाई नसते. मोबाईलवर झळकणारं सोनं मॅट कागदावर मोहरीच्या रंगाकडे झुकतं. खरी चकाकी हवी असेल तर सोनेरी फॉइल घ्या. त्याच्या ब्लॉकसाठी (फॉइल दाबायच्या ठशासाठी) वेगळी फाइल लागते: पूर्ण काळा, सपाट आकार, ग्रेडियंट नाही, सावली नाही. पाव मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ फॉइलमध्ये तुटण्याची भीती असते, म्हणून नाजूक वेलबुट्टी आधी जाड करून घेतो.

फोटो आणि लोगो व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होऊन येतो. पारदर्शक पार्श्वभूमीची नक्षी हवी असेल तर आमच्याकडून पीएनजी मागा. जेपीजीमध्ये नथीभोवती पांढरी चौकट दिसेल.