मॅन्डरले (चित्रपट)

मॅन्डरले हा डॅनिश दिग्दर्शक लार्स फॉन ट्रायर यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला इंग्रजी चित्रपट. २००५ च्या कान महोत्सवात तो स्पर्धा विभागात होता. अमेरिकेवरच्या नियोजित चित्रत्रयीचा हा दुसरा भाग. पहिला ‘डॉगव्हिल’ (२००३). गुलामगिरी आणि वर्णद्वेष यांवरची ही कथा एका बंद स्टुडिओच्या फरशीवर, नाटकासारखी घडते. तिच्याबद्दलची मते आजही जुळत नाहीत.

कथेचा काळ १९३३ चा आहे. लिंकनचा मुक्तिजाहीरनामा १ जानेवारी १८६३ ला लागू झाला आणि १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने संपली. तरीही अलाबामातल्या मॅन्डरले नावाच्या कापसाच्या मळ्यावर ती सत्तर वर्षांनंतरही चालूच आहे. टोळीप्रमुखाची मुलगी ग्रेस वाटेत तिथे थांबते. मळ्याची वृद्ध मालकीण ‘मॅम’ त्याच दिवशी मरते. गादीखाली ठेवलेली नियमांची वही जाळून टाक, अशी तिची शेवटची विनवणी असते; ग्रेस ती नाकारते. मग बापाचे काही बंदूकधारी हाताशी ठेवून ती मळ्यावर स्वातंत्र्य आणि लोकशाही ‘आणायला’ बसते. प्रत्येक गोष्टीवर मतदान होऊ लागते. एकदा तर घड्याळात किती वाजलेत हेही बहुमताने ठरते, आणि हा विनोद शेवटी ग्रेसच्याच अंगाशी येतो. झोपड्यांच्या दुरुस्तीसाठी ती जुनी झाडे तोडायला लावते. ती झाडे वाऱ्याला आडोसा होती, हे धुळीच्या वादळाने पीक झोडपल्यावर कळते. उपासमारीच्या दिवसांत एका आजारी मुलीचे अन्न चोरून खाणाऱ्या म्हातारीला मतदानानेच देहदंड दिला जातो. तो अमलात आणण्याचे काम ग्रेसला करावे लागते.

मांडणी ही चित्रपटाची ओळखीची खूण. स्वीडनमधल्या ट्रोलहेटान येथील स्टुडिओत पांढरी फरशी, तिच्यावर काळ्या रेषा आणि अक्षरे, मोजकेच सामान. ‘डॉगव्हिल’मध्ये हेच उलट होते, काळ्या जमिनीवर पांढऱ्या रेषा. कथेचे आठ भाग पाडले आहेत आणि जॉन हर्ट यांचा उपरोधिक आवाज त्यांना जोडत जातो. ही जर्मन नाटककार ब्रेख्तची पद्धत आहे: बघणाऱ्याने कथेत वाहून जाऊ नये, विचार करावा. पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून केलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ पाहिलेल्या पिढीला ती नवी वाटणार नाही. त्याही आधीपासून आपल्याकडे तमाशात गवळणी दोन फेऱ्या मारतात आणि मथुरेचा बाजार येतो. फरक एवढाच की तमाशा बघणाऱ्याला खेळात ओढून घेतो, तर फॉन ट्रायर त्याला वर टांगून ठेवतात. कॅमेरा अधूनमधून छतावरून पाहतो तेव्हा माणसे नकाशावरच्या सोंगट्यांसारखी दिसतात.

वादाचे मूळ त्या वहीत आहे. ‘मॅमचा कायदा’ गुलामांची स्वभावानुसार सात वर्गांत वाटणी करतो आणि प्रत्येकाला क्रमांक देतो. ग्रेस ज्या टिमथीला स्वाभिमानी समजून त्याच्याकडे ओढली जाते, तो प्रत्यक्षात बघणाऱ्याला हवे ते रूप घेणारा निघतो. वहीत त्याच्या नावापुढचा सातचा आकडा तिने एक, म्हणजे ‘स्वाभिमानी’, असा वाचलेला असतो. आणि शेवटी उघड होते की ती वही मालकिणीची नव्हेच. ती वृद्ध गुलाम विल्हेल्मने लिहिली आहे. बाहेरचे जग मुक्त काळ्या माणसाला जगू देणार नाही, म्हणून माहितीतली गुलामी बरी, असा त्याचा हिशेब. आता नवी ‘मॅम’ तू हो, असे मळेकरी ग्रेसला सांगतात. या कल्पनेमागे फ्रेंच लेखक झां पोलां यांच्या एका प्रस्तावनेतला बार्बाडोसमधल्या मुक्त गुलामांचा किस्सा आहे. ते जुन्या मालकाकडे परत गेले, असा.

चित्रपटाच्या बाजूने बोलणाऱ्यांना यात गोऱ्या परोपकाराची हजामत दिसली. बंदुकीच्या जोरावर लोकशाही शिकवायला निघालेली ग्रेस पाहून २००३ च्या अमेरिकी आक्रमणानंतरचा इराक आठवणेही साहजिक होते. विल्हेल्मचा युक्तिवाद काळ्यांविरुद्ध नसून त्यांना जागा न देणाऱ्या समाजाविरुद्ध आहे, असे हे लोक म्हणतात. विरोधकांना मात्र ‘गुलामांनाच गुलामी हवी होती’ हे जुनेच मळेवाल्यांचे तत्त्वज्ञान नव्या कपड्यांत आलेले दिसले, तेही विमानाच्या भीतीने अमेरिकेत पाऊल न ठेवलेल्या युरोपीय माणसाकडून. ही अडचण पात्रनिवडीतही जाणवली. अनेक अमेरिकी काळ्या नटांनी पाठ फिरवल्याने बरेच नट ब्रिटनमधून घ्यावे लागले. विल्हेल्म साकारणाऱ्या डॅनी ग्लोव्हर यांनीही आधी नकार दिला होता. जॉन सी. रायली यांनी चित्रपट सोडला तो मात्र गाढव मारण्याच्या प्रसंगावरून. तो प्रसंग पुढे काढून टाकला गेला.

खरी खोच मांडणीतच आहे. भिंती काढल्या की घरे जातात, आणि घरांबरोबर माणसांच्या खासगी सवयी, वस्तू, आठवणीही जातात. उरतात ते स्वभावाचे नमुने. म्हणजे ज्या वर्गवारीची चित्रपट खिल्ली उडवतो तीच तो स्वतः करतो: म्हातारा शहाणा, गर्विष्ठ तरुण, चोर म्हातारी. समर्थक याला जाणीवपूर्वक लावलेला सापळा मानतात. तसा तो असेलही. पण सापळ्यात सगळ्यात जास्त वेळ काळी पात्रेच अडकून राहतात, ग्रेस पळून जाऊ शकते.

मराठी वाचकाला या वहीजवळ जोतीराव फुल्यांची आठवण होते. १८७३ सालची ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. फुल्यांच्या मते मनाला बांधणारे ग्रंथ वरच्यांनी स्वतःच्या फायद्यासाठी रचले. फॉन ट्रायर लेखणी खालच्याच्या हातात देतात, आणि वरच्यांचा फायदा मात्र जिथल्या तिथे राहतो.

‘डॉगव्हिल’मधल्या निकोल किडमन यांच्या जागी इथे ब्राइस डॅलस हॉवर्ड आहेत, बापाच्या भूमिकेत विलेम डफो, मालकिणीच्या लॉरेन बकॉल. कानमधला सर्वोच्च पुरस्कार, पाम दोर, बेल्जियन दार्देन बंधूंच्या चित्रपटाला गेला. तिकीटखिडकीवर ‘मॅन्डरले’ आपटला. श्रेयनामावलीत डेव्हिड बोवीच्या गाण्याबरोबर डॅनिश छायाचित्रकार याकोब होल्ट यांची आणि इतर छायाचित्रे येतात; खऱ्या अमेरिकेचे चेहरे, खरी घरे, खऱ्या भिंती. त्रयीचा तिसरा भाग, ‘वॉशिंग्टन’, कधी झालाच नाही.