सोडणे आणि सुटणे : एका विचाराची पार्श्वभूमी

एखाद्याचे व्यसन गेले की ते 'सुटले' असे आपण म्हणतो. हाती घेतलेले काम कुणी थांबवले की त्याने ते 'अर्धवट सोडले' असे म्हणतो. क्रिया तीच, पण सवयीच्या बाबतीत ती सुटका ठरते आणि पत्करलेल्या कामाच्या बाबतीत स्वभावदोष. त्या दोषासाठी 'धरसोड' हा शब्द आपल्याकडे तयारच असतो, आणि घेतला वसा टाकू नये ही शिकवण तर अंगवळणीच पडलेली असते. गेल्या अर्धशतकात अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र या दोन्ही शाखांनी या दुहेरी मापाची तपासणी केली.

सवय सोडण्याच्या लाभाविषयी वाद कधी नव्हताच. प्रश्न होता तो लाभ मोजण्याचा. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांच्याच धूम्रपानाची पाहणी सुरू केली आणि ती पन्नास वर्षे चालली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांचे आयुर्मान ती चालूच ठेवणाऱ्यांपेक्षा सुमारे ३ वर्षांनी, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांचे ६, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांचे ९ आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांचे १० वर्षांनी वाढते. यातला पहिला आकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण 'आता सोडून काय उपयोग' या समजुतीला तो थेट उत्तर देतो.

पत्करलेल्या कामांची गोष्ट वेगळी. तिथे आड येतो तो बुडीत खर्च, म्हणजे जो आता कोणत्याही निर्णयाने परत मिळणार नाही असा पैसा, वेळ किंवा श्रम. शुद्ध हिशेबात अशा खर्चाला पुढच्या निर्णयात स्थान नसते; माणसे मात्र त्यालाही स्थान देतात, याकडे रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये लक्ष वेधले. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवरच दाखवून दिले. संपूर्ण हंगामाचे तिकीट १५ डॉलरचे होते. खिडकीशी आलेल्यांपैकी काहींना ते पूर्ण किमतीला, काहींना २ डॉलरच्या आणि काहींना ७ डॉलरच्या सवलतीत, कोणतीही निवड न करता देण्यात आले. नाटके तीच, खुर्च्या त्याच. तरीही हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण पैसे मोजलेले प्रेक्षक सवलतवाल्यांपेक्षा अधिक नाटकांना हजर राहिले. उत्तरार्धात हा फरक उरला नाही. खर्चाचा सल काळाबरोबर बोथट होतो, हे त्यातून दिसते.

हाच दोष सरकारी पातळीवर फार महागात पडू शकतो. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९६२ मध्ये करार करून हाती घेतलेल्या काँकॉर्ड विमानाचे आर्थिक गणित जुळणार नाही हे दिसू लागल्यानंतरही प्रकल्प पुढे रेटला गेला, आणि अखेर अशी फक्त २० विमाने बांधली गेली. त्यामुळेच या चुकीला 'काँकॉर्ड भ्रम' असेही म्हटले जाते.

याच्या अगदी उलट प्रसंग १९८५ मध्ये इंटेल कंपनीत घडला. जिच्यावर कंपनी उभी राहिली, त्या मेमरी चिपच्या धंद्यात जपानी स्पर्धेमुळे तोटा वाढत होता. अँडी ग्रोव्ह यांनी सहकारी गॉर्डन मूर यांना विचारले की, आपल्याला काढून नवा प्रमुख आणला तर तो काय करील? मूर यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले की, तो मेमरीतून बाहेर पडेल. त्यावर ग्रोव्ह म्हणाले की, मग आपणच दाराबाहेर जाऊन परत आत येऊ आणि ते काम करू. पुढे मायक्रोप्रोसेसर हीच कंपनीची ओळख बनली. नव्या माणसावर जुन्या गुंतवणुकीचे ओझे नसते, हे त्या एका प्रश्नाने नेमके पकडले होते.

सोडताना मनात काय घडते याचा आराखडा एरिक क्लिंगर यांनी १९७५ मध्ये मांडला. ध्येय हातून निसटू लागले की माणूस आधी अधिक जोर लावतो, मग चिडतो, मग खिन्न होतो आणि त्यानंतरच सावरतो. ही खिन्नता त्यांनी सोडण्याच्या प्रक्रियेतील एक स्वाभाविक टप्पा मानली. ज्यांना सोडण्याबद्दल अपराधी वाटत राहते, त्यांना हे कळणे फार गरजेचे आहे असे मला मनापासून वाटते.

कार्स्टन रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये याच धाग्यावर पुढचे काम प्रसिद्ध केले. असाध्य ध्येय सोडता येणे आणि नवे ध्येय धरता येणे या त्यांनी दोन स्वतंत्र क्षमता मानल्या व वेगवेगळ्या मोजल्या. ज्यांच्यात त्या अधिक होत्या, त्यांचे मानसिक स्वास्थ्य सामान्यतः चांगले आढळले. ग्रेगरी मिलर आणि रॉश यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात किशोरवयीन मुलींच्या रक्ताची वर्षभराच्या कालावधीत तपासणी झाली. असाध्य ध्येय सोडणे ज्यांना जड जात होते, त्यांच्या रक्तात दाह दर्शवणारे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन त्या वर्षात अधिक वाढलेले दिसले, तर ज्यांना ते सोडता येत होते त्यांच्यात तशी वाढ आढळली नाही.