ताण एकट्याने सोसावा लागतो तेव्हा

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनमधल्या शहरांतून लाखो मुलांना आईवडिलांपासून दूर, सुरक्षित खेड्यांत पाठवण्यात आलं. काही मुलं मात्र लंडनमध्येच राहिली. अॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी तेव्हा हॅम्पस्टेडमध्ये लहान मुलांसाठी पाळणाघरं चालवत होत्या. त्यांना दिसलं ते उफराटं होतं. आईला बिलगून रात्र रात्र स्फोटांचे आवाज ऐकलेली मुलं बऱ्यापैकी सावरलेली असायची आणि घरच्यांपासून तुटलेली मुलं सुरक्षित जागी असूनही जास्त खचलेली असायची. एक अटही त्यांनी नोंदवून ठेवली होती. आईच भेदरलेली असेल, तर मूलही भेदरायचं.

असं का होतं, हे त्या काळी मोजता येत नव्हतं. आज बऱ्याच अंशी येतं.

धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डला हा भाग जागा होतो. तिथून संदेश हायपोथॅलॅमसला, तिथून पिट्युटरी ग्रंथीला आणि मग मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रेनल ग्रंथींना जातो. त्या कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात. रक्तातली साखर वाढते. पचन, वाढ यांसारखी तातडीची नसलेली कामं मागे पडतात. धोका टळला की मेंदू, विशेषतः त्यातला हिपोकॅम्पस हा भाग, रक्तातलं कॉर्टिसॉल ओळखून ही साखळी थांबवतो. म्हणजे ताण येणं हा बिघाड नाही. पडणं, हरणं, बालवाडीचा पहिला दिवस या सगळ्यांत मुलाचं कॉर्टिसॉल वाढतं आणि उतरतं. हे उतरणं फार मोलाचं आहे. ताण महिनोन् महिने संपतच नाही, तेव्हा थांबवणारी यंत्रणाच थकते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दीर्घ ताणाने हिपोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या खुरटलेल्या दिसल्या आहेत. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशीपर्यंत घडत असतो, त्यामुळे लहान वयात त्याला धक्का बसायला भरपूर वाव असतो.

मग लहान मूल हा ताण उतरवतं कसं? एकट्याने नाहीच उतरवत. मेगन गनर यांनी 1990च्या दशकात बाळांना लस टोचण्याआधी आणि टोचल्यानंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. दोन महिन्यांच्या बाळांत ते चांगलंच वाढायचं, वर्ष उलटल्यावर फारसं वाढत नव्हतं. दीड वर्षाच्या आसपासच्या मुलांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. भित्र्या स्वभावाचं मूल नव्या, अनोळखी गोष्टीला घाबरलं, तरी सोबतच्या आईशी त्याचं नातं भरवशाचं असेल तर त्याचं कॉर्टिसॉल फारसं वाढत नसे. भीती होती, पण शरीर संकटात गेलं नव्हतं. कडेवर घेणारं माणूस त्या वयात मुलाच्या ताणयंत्रणेचाच एक भाग असतं, असं मला या निष्कर्षांवरून वाटतं.

तो भाग काढून घेतला तर काय होतं, हे रुमानियात दिसलं. चाउशेस्कू यांच्या राजवटीने 1966 साली गर्भपातावर बंदी घातली. जन्म वाढले, दारिद्र्य तसंच राहिलं, आणि 1989 साली राजवट कोसळली तेव्हा एक लाखाहून अधिक मुलं सरकारी संस्थांत होती. तिथे अन्न आणि छप्पर होतं. पण एकेका दाईकडे डझनभर मुलं, आणि दायाही पाळीपाळीने बदलणाऱ्या. रडलेल्या बाळाकडे कुणी येईल, याची खात्री नाही.

2000 साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी बुखारेस्टमध्ये 6 ते 31 महिने वयाच्या 136 मुलांचा अभ्यास सुरू केला. निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत दिली गेली. उरलेल्यांची आधीचीच व्यवस्था चालू राहिली. मात्र त्यांच्यासाठी घर मिळालं तर संशोधकांनी ते कधी अडवलं नाही. हे वाचताना मन अस्वस्थ होतं, आणि व्हायलाच हवं. कुटुंबांत गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणं, माणसांशी जोडलं जाणं हे सगळं सुधारलं, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं अनेक बाबतींत जास्त. पुढे रुमानियाने दोन वर्षांखालच्या मुलांना अशा संस्थांत ठेवण्यावर कायद्याने निर्बंध आणले.

ही मुलं बाराएक वर्षांची झाल्यावर त्यांना अनोळखी लोकांसमोर बोलणं, गणितं सोडवणं अशा थोड्या ताणाच्या चाचण्या दिल्या. संस्थेतच राहिलेल्या मुलांचं कॉर्टिसॉल इतरांपेक्षा कमी वाढलं. ऐकायला हे बरं वाटतं, पण ते बरं लक्षण नव्हे. जिथे शरीराने सज्ज व्हायला हवं, तिथे ते होतच नव्हतं. दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेल्यांची प्रतिक्रिया मात्र घरी वाढलेल्या मुलांच्या जवळपास होती. म्हणून ‘शांत झालंय, आता त्रास देत नाही’ एवढ्यावरून मूल सावरलं असं कुणी धरू नये.

बालपणीच्या हालांची झळ पुढे आयुष्यभर पोचू शकते, हे व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा यांनी 1998 साली दाखवलं. मारहाण, घरातलं व्यसन, आईवर होणारी हिंसा अशा प्रकारांपैकी चार किंवा अधिक अनुभवलेल्यांत पुढे व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका 4 ते 12 पट आढळला. हल्ली या प्रकारांची बेरीज करून एखाद्या मुलाचं भविष्य सांगितलं जातं. ते चूक आहे, आणि क्रूरही. ही आकडेवारी समूहाची आहे. हवाईतल्या कौआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर यांनी दशकानुदशकं माग काढला. सर्वाधिक जोखमीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं सक्षम, मायाळू प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. आईवडील नसले तर आजी, मावशी, शिक्षक.

पण त्या मोठ्या माणसाजवळ तरी मुलासाठी वेळ आणि त्राण उरायला हवं ना? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात जेन कॉस्टेलो 1,420 मुलांचा अभ्यास करत होत्या. त्यांतली सुमारे चौथाई मुलं मूलनिवासी होती. अभ्यास चालू असतानाच चेरोकी जमातीने कॅसिनो उघडला आणि नफ्यातला वाटा जमातीतल्या प्रत्येकाला मिळू लागला. जी कुटुंबं त्यामुळे गरिबीतून बाहेर आली, त्यांच्या मुलांमधला आक्रस्ताळेपणा आणि बेशिस्त कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर उतरली. चिंता आणि नैराश्य मात्र तसंच राहिलं. मुलांवर कुणी उपचार केले नव्हते. कॉस्टेलो यांनी कारण शोधलं, तेव्हा आकडेवारीत सगळ्यात ठळक उतरलं ते हे की आईवडिलांना मुलांकडे लक्ष द्यायला आता अधिक वेळ मिळत होता.