चित्रपटाची फेनॉमेनॉलॉजी

चित्रपट पाहणाऱ्याला प्रत्यक्ष कसा जाणवतो, या प्रश्नापासून सुरुवात करणारी विचारपद्धती. वस्तू जाणिवेत जशी प्रकटते तसेच तिचे वर्णन करावे, हा जर्मन तत्त्वज्ञ एडमंड हुसर्ल (१८५९–१९३८) यांचा आग्रह तिच्या मुळाशी आहे.

चित्रपटाकडे या दृष्टीने पाहिले ते फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मेर्लो-पाँती यांनी. १३ मार्च १९४५ रोजी पॅरिसमधील चित्रपट-शिक्षणसंस्थेत दिलेल्या व्याख्यानात त्यांनी मांडले, की चित्रपट विचार करून उलगडायचा नसतो, तो इंद्रियांनी ग्रहण होतो. एखाद्याला भोवळ आल्याचे दाखवायचे, तर त्याच्या डोळ्यांपुढचे गरगरणे पडद्यावर आणण्यापेक्षा तोल जाणारे शरीर बाहेरून दाखवावे. प्रेक्षकाला भोवळ त्यातूनच अधिक कळते. राग, भीती, प्रेम हे सारे मनात दडलेले नसते, वागण्यात उघड दिसते, हे त्यांचे तत्त्वज्ञान चित्रपटाला नेमके लागू पडते.

या विचाराचा फार कमी वाचला गेलेला, पण सर्वांत चोख विस्तार बेल्जियमच्या झाँ-पिएर म्युनिए यांनी १९६९ मध्ये केला. त्यांच्या मते घरगुती चित्रण पाहताना आपण पडद्यावरून थेट ओळखीच्या माणसाच्या आठवणीत जातो. माहितीपटात अपरिचित जगाविषयी जाणून घेत राहतो. कथापटात मात्र पात्राला पडद्याबाहेर अस्तित्वच नसते, म्हणून लक्ष तिथेच खिळते. हा भेद मुख्यतः पाहणाऱ्याच्या वृत्तीचा आहे. एखाद्या नटाच्या मुलीला वडिलांचा जुना कथापट घरगुती चित्रणासारखा दिसू शकतो.

त्या काळात चिन्हमीमांसा (चिन्हांतून अर्थ कसा घडतो याचा अभ्यास) आणि मनोविश्लेषण यांचा जोर होता, त्यामुळे ही वाट मागे पडली. अमेरिकी चित्रपट-अभ्यासक व्हिव्हियन सॉबचॅक यांच्या १९९२ च्या ग्रंथाने ती पुन्हा खुली केली. ‘द पियानो’च्या (१९९३) सुरुवातीला पडद्यावर केवळ धूसर, लालसर आकार दिसतात, नायिका बोटांच्या फटींतून पाहत असते. ती बोटे आहेत हे डोळ्यांना उमगण्याआधीच आपल्या बोटांना कळले होते, असे सॉबचॅक नंतरच्या एका निबंधात लिहितात. स्वतःच्या देहाची अशी साक्ष काढण्याचे धैर्य चित्रपट-समीक्षेत विरळाच.

‘प्रेक्षकाचे शरीर’ म्हणजे नेमके कोणाचे, हा या पद्धतीवरचा रास्त आक्षेप आहे. लिंग, वर्ण, स्थलांतर यांनी शरीराच्या सवयी घडतात. चित्रपट-अभ्यासक लॉरा मार्क्स यांनी २००० मध्ये स्थलांतरितांचे चित्रपट अभ्यासले, ते याच अंगाने: मायदेशाचा वास आणि स्पर्श कॅमेऱ्याला टिपता येत नाहीत, तेव्हा हे दिग्दर्शक दाणेदार, अस्पष्ट प्रतिमांमधून प्रेक्षकाच्या स्पर्शस्मृतीला हाक देतात.